बर्कनहेड पार्क: पालिकेच्या पैशांतून जनतेची बाग कशी झाली

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या गिरणीच्या शहरात फिरताना एक मोठी बाग हमखास लागते. नागमोडी वाटा, गवताचे सौम्य उतार, झाडांआडून डोकावणारं तळं, फाटकापाशी छोटं दगडी चौकीघर. शहर वाढत गेलं आणि एवढा एक तुकडा बांधकामातून सुटला, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक बागा पायापासून रचलेल्या आहेत. आधी नकाशा काढून, मग कर्ज काढून, मग हजारो गाड्या माती इकडची तिकडे करून.

हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर बर्कनहेड पार्ककडे जावं. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचं शहर आहे, तिथली ही बाग १८४७ साली खुली झाली. सार्वजनिक पैशांतून जमीन विकत घेऊन उभारलेली आणि सर्वांना कायम फुकट खुली ठेवलेली ही जगातली पहिली बाग मानली जाते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची मुळंही इथवर पोचतात.

बर्कनहेडला शहर म्हणणंही त्या काळी नवंच होतं. १८०१ साली तिथं ११० माणसं राहत होती. एका जुन्या मठाचे भग्नावशेष, थोडी शेती, बाकी पाणथळ. मर्सी ओलांडायची तर शिडाची होडी, आणि वारा फिरला की माणूस अर्ध्या वाटेवर अडकलाच. १८२०च्या आसपास वाफेवरच्या बोटी सुरू झाल्या आणि पलीकडचा काठ लिव्हरपूलकरांच्या आवाक्यात आला. १८२४ मध्ये विल्यम लेअर्ड या स्कॉटिश उद्योजकानं इथं लोखंडाचा कारखाना काढला. त्यातून पुढे जहाजबांधणी वाढली. १८४१ पर्यंत वस्ती ८,००० च्या पुढे गेली होती. म्हणजे चाळीस वर्षांत खेड्याचं शहर झालं, आणि तुंबणाऱ्या-सडणाऱ्या गटारांसकट झालं.

शहरांची ही अवस्था देशभर होती. शेतीवरची माणसं गिरण्यांच्या मागे शहरात आली होती. गावाकडे गायरानांना, मोकळ्या माळांना कायद्यानं कुंपणं घालून ती खासगी मालकीची करण्याचा सपाटा आधीपासून चालू होताच. त्यामुळे शहराबाहेर पाय मोकळे करायलाही जागा उरली नव्हती. समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये श्रमिकांच्या आरोग्याचा जो अहवाल मांडला, त्यातला एक आकडा आजही वाचवत नाही. लिव्हरपूलमधल्या मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १५ होतं. सुखवस्तू घरांत ते ३५ होतं. लहान मुलं पटापट दगावत, म्हणून सरासरी इतकी खाली येई. तरीही तो आकडा आकडाच आहे, आणि तो नदीच्या पलीकडून दिसेल इतक्या जवळचा आहे.

रोग कशानं होतात, याची त्या काळातली समजूत आजच्यापेक्षा वेगळी होती. कुजकी, दुर्गंधीची हवा हेच कॉलरा-तापाचं कारण, असं डॉक्टरही मानत. मग उपाय सरळ होता: गर्दीच्या वस्तीत मोकळ्या हवेची जागा करा. कारण चुकीचं, पण उपाय बरा. असं वैद्यकाच्या इतिहासात अधूनमधून घडतं.

फक्त आरोग्याची काळजी होती असं मात्र समजू नये. १८३३ मध्ये रॉबर्ट स्लेनी या खासदाराच्या अध्यक्षतेखाली संसदेची एक समिती बसली होती. शहरात लोकांना फिरायला जागा आहेत का, हे तिनं पाहिलं. ‘नाहीत’ हे उत्तर तर तिनं दिलंच, पण त्याच्या पुढची मांडणी गमतीची आहे. माणूस बायकापोरांना घेऊन चारचौघांत फिरायला निघाला की त्याला बरे कपडे घालावेसे वाटतात, आणि बऱ्या कपड्यांसाठी तो जास्त काम करतो! बाग म्हणजे गुत्त्याला पर्याय, आणि वर कामाला उत्तेजन. दुसरा किस्सा मँचेस्टरचा. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाची सुट्टी होती. मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनी त्या दिवशी मोठी सभा ठरवली होती. पोलीसप्रमुखानं महापौरांना गळ घालून वनस्पती-उद्यान, प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय त्या दिवसापुरतं कामगारांना खुलं करायला लावलं. चॅडविक लिहितात की सभेला दोन-तीनशेच लोक आले. बागेचा हा उपयोग सत्ताधाऱ्यांच्या चांगलाच लक्षात राहिला असणार.

तोवर बागा नव्हत्याच असं नाही. लंडनचे मोठमोठे पार्क होते, पण ते राजघराण्याचे. प्रजेला आत घ्यायचं की नाही आणि कोणाला घ्यायचं, ही मालकाची मर्जी. तिकीट काढून जायच्या करमणुकीच्या बागा होत्या. दानशूर गिरणीमालकांच्या देणग्याही होत्या. डर्बीत जोसेफ स्ट्रट यांनी ११ एकरांची बाग गावाला दिली, ती १८४० मध्ये उघडली. तिथं झाडाझाडाला नाव होतं, चालता चालता वनस्पतिशास्त्र शिकावं अशी योजना. पण फुकट प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस, रविवारी आणि बुधवारी. बाकीच्या दिवशी पैसे मोजायचे, कारण देखभालीचा खर्च कुठून तरी निघायला हवा. ती अट १८८२ पर्यंत टिकली.

बर्कनहेडनं हा गुंता वेगळ्या पद्धतीनं सोडवला आणि त्यातच तिचं खरं नवेपण आहे. शहराचा कारभार १८३३ पासून ‘सुधारणा आयुक्तां’कडे होता, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखंच मंडळ. बागेची कल्पना आयझॅक होम्स यांनी १८४१ मध्ये पुढे आणली. १८४३ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला गेला, आणि त्यानं आयुक्तांना सार्वजनिक पैशांतून बागेसाठी जमीन घ्यायची मुभा दिली. अट एक: किमान ७० एकर जागा लोकांच्या फुकट विरंगुळ्यासाठी कायमची ठेवायची. आयुक्तांनी २२६ एकर विकत घेतले आणि त्यातले १२५ एकर बागेला दिले.

मग उरलेले शंभर एकर कशाला? तिथंच या योजनेची मेख आहे. जमीन स्वस्त होती, कारण ती दलदलीची होती. सरकारकडून ६०,००० पौंडांचं कर्ज काढायचं, मधल्या भागात बाग करायची, आणि बागेभोवतीच्या कडेचे भूखंड श्रीमंतांना बंगल्यांसाठी विकायचे. काल ज्या चिखलाला कोणी विचारत नव्हतं, त्याला आता ‘पार्क फेसिंग’चा भाव येणार. त्या भावातून कर्ज फिटणार. मेट्रोचं स्टेशन येणार म्हटलं की आसपासच्या फ्लॅटचे दर कसे चढतात, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला नको. फरक एवढाच की इथं चढलेल्या दराचा फायदा बिल्डरच्या खिशात न जाता, निदान हिशोबात तरी, लोकांच्या बागेकडे वळवायचा होता. लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती वास्तुकार जॉन नॅशनं असाच प्रयोग केला होता, पण तो राजसत्तेच्या मिळकतीसाठी. लिव्हरपूलच्या प्रिन्सेस पार्कमध्येही १८४२ पासून तेच गणित चाललं होतं, पण खासगी मालकीत. पालिकेनं सर्वांसाठी हे करणं नवं होतं.

गणित कागदावर जमलं, बाजारात तितकं जमलं नाही. बाग उघडली त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आर्थिक पडझड झाली आणि भूखंडांची विक्री रेंगाळली. नकाशावर आखलेले सगळे बंगले कधीच उभे राहिले नाहीत. फुकट बागेचा खर्च बागच काढेल, हे स्वप्न त्यानंतर जगभरातल्या पालिकांनी पुनःपुन्हा पाहिलं आहे. मला ते अर्धवटच खरं वाटतं. बाग जमिनीचा भाव वाढवते यात शंका नाही, पण तो वाढलेला भाव नेमका कोणाच्या पदरात पडतो, हे बाग ठरवत नाही.

आराखड्याचं काम जोसेफ पॅक्स्टनकडे गेलं. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बेडफर्डशरमधल्या शेतकरी घरातला धाकटा मुलगा, शिक्षण बेताचं. १८२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डेव्हनशरच्या ड्यूकनं त्याला चॅट्सवर्थच्या बागांचा मुख्य माळी नेमलं. कामाच्या पहिल्या दिवशी तो पहाटे साडेचारला पोचला. फाटक बंद होतं, तर भिंतीवरून चढून आत गेला, सगळी बाग पायाखाली घातली, सहा वाजता माणसांना कामाला लावलं आणि मग न्याहारीच्या टेबलावर घरव्यवस्थापक बाईंच्या भाचीच्या, सॅराच्या, प्रेमात पडला. हे सगळं नऊच्या आत. कहाणी त्याच्याच तोंडची आहे, तेव्हा मीठमसाला धरून चालावं. पण लग्न झालं हे खरं, आणि पुढे सॅरानंच त्याचे पैशाचे व्यवहार सांभाळले.

जळगावकरांसाठी एक आडवाट. चॅट्सवर्थच्या काचघरात पॅक्स्टननं १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेली एक बुटकी केळ वाढवली आणि फळाला आणली. ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीलाही तेच नाव मिळालं. खानदेशात वर्षानुवर्षं लावली गेलेली बसराई ही याच बुटक्या कॅव्हेंडिश गटातली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेला काचेचा क्रिस्टल पॅलेसही पॅक्स्टनचाच. तो जन्माचा माळी, पण डोकं इंजिनियरचं होतं, आणि बर्कनहेडच्या दलदलीला तेच हवं होतं.

जागा पाहून त्यानं सॅराला लिहिलं की बागेच्या दृष्टीनं ही जमीन फारशी बरी नाही, पण वाईट सामानातून चांगलं काही केलं तर त्यात आपलाच मान जास्त. चिकण मातीची सपाट, ओली शेतजमीन. पाणी मुरत नाही, वाहूनही जात नाही. अशा जागी झाड लावलं तर मुळं कुजणार, माणूस चालला तर घोट्यापर्यंत रुतणार.

म्हणून बागेचं पहिलं काम डोळ्यांना दिसत नाही. सगळ्या जमिनीखालून निचऱ्याचे चर काढले गेले. छोटे चर दगडांनी भरलेले, मोठे भाजलेल्या मातीच्या नळांचे. हे सगळं पाणी वाहून जिथं जमतं, तिथं दोन तळी खणली, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या. म्हणजे तळं हा दागिना नाहीच मुळी. शेतातलं जादा पाणी साठवायची ती टाकी आहे. त्या टाकीला इतका सुंदर आकार दिला की कोणाला ती टाकी वाटू नये, ही पॅक्स्टनची करामत.

तळी खणली की माती निघणार. ती वाहून बाहेर टाकायला पैसे लागतात. पॅक्स्टननं ती तळ्याच्या काठाकाठानंच रचली, उंचवटे केले आणि त्यावर दाट झाडी लावली. एकाच कामात तीन कामं झाली. माती लांब न्यावी लागली नाही, सपाट जमिनीला चढउतार मिळाला, आणि तळं एका नजरेत पूर्ण दिसेनासं झालं. हा तिसरा फायदा सर्वांत महत्त्वाचा. तळ्याचे काठ वेडेवाकडे आहेत, मधे बेटं आहेत, पाण्याचा फाटा वळून झाडीआड जातो. कुठल्याही एका जागी उभं राहिलं तरी पाण्याचं टोक दिसत नाही. टोक न दिसलेली गोष्ट मनात मोठी होते. तळं छोटंच आहे, पण काठानं चालताना ते संपत नाही.

वाटांनाही तोच नियम. मुख्य रस्ता बागेच्या कडेकडेनं फिरतो, तो घोडागाड्यांसाठी. पायवाटा आतल्या, तळ्याच्या बाजूच्या, आणि त्या घोडागाडीच्या रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर. पोरं घेऊन निघालेल्या बाईला घोड्याच्या टापांखाली येण्याची धास्ती नको आणि बग्गीतल्या साहेबाला वाटेत थांबावं लागायला नको. कुठल्याही वाटेवर शंभर पावलांपुढचं दिसू देत नाही. वळण येतं, वळणावर झुडपांचा पुंजका असतो, पुंजका ओलांडला की समोर एकदम मोकळं गवत पसरतं. पुन्हा वळण, पुन्हा पडदा. ज्याला आपण ‘सहज’ फिरणं म्हणतो, ते इथं पावलापावलाला कोणीतरी ठरवून दिलेलं आहे.

या मांडणीचा उगम उमरावांच्या इस्टेटींत आहे. अठराव्या शतकात इंग्लिश जमीनदारांनी आपल्या वाड्यांभोवतीच्या भूमितीतल्या, ताठ रेघांच्या बागा मोडून अशी ‘नैसर्गिक’ दृश्यं करून घेतली होती: गवताचे उतार, लांबवर झाडांचे पुंजके, वळणाचं पाणी, हद्दीवर झाडांचा पट्टा. वाड्याच्या खिडकीतून बघायला ते केलेलं असे. पॅक्स्टननं तेच दृश्य उचललं आणि वाडा काढून टाकला. लेअर्डच्या कारखान्यातला रिव्हेट मारणारा माणूस रविवारी जे बघत होता, ते आतापर्यंत एका ड्यूकच्या खिडकीतून दिसायचं. या बागेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

झाडांची निवड मात्र मनासारखी करता येत नसे. बंदराच्या आणि कारखान्यांच्या शहरात कोळशाचा धूर भयंकर. पानांवर काजळी बसते, पाइनसारखी झाडं गुदमरतात. म्हणून व्हिक्टोरियन बागांत हॉली, प्रिव्हेट, ऱ्होडोडेंड्रॉन अशी काटक सदाहरित झुडपं इतकी दिसतात. अनेकांना ती उदास वाटतात. वाटू देत, ती धुरातही जगली. गवत कापायचं यंत्र १८३० मध्येच इंग्लंडमध्ये तयार झालं होतं, तरी एवढ्या मोठ्या कुरणासाठी जुनाच उपाय चाले: मेंढ्या. बर्कनहेडच्या गवतावर सुरुवातीच्या काळात मेंढ्या चरत होत्या.

इमारतींबद्दल थोडक्यात. फाटकांशी राखणदारांसाठी बांधलेली घरं प्रत्येक वेगळ्या तऱ्हेची आहेत: एक नॉर्मन, एक गॉथिक, एक इटालियन, एक छोट्या किल्ल्यासारखं. शहराच्या बाजूचं मुख्य प्रवेशद्वार आयोनिक खांबांचं, तीन कमानींचं, नको तितकं भव्य. तळ्यावर छप्पर असलेला लाकडी स्विस पूल आणि काठाला दगडी बोटघर. कोणी विचारेल, मर्सीच्या काठी स्वित्झर्लंडचं काय काम? काहीच नाही. परदेशी जाऊ न शकणाऱ्याला सगळ्या देशांची चव एका फेरीत द्यायची, ही त्या काळातली आवड होती. आराखडे जॉन रॉबर्टसन आणि लुइस हॉर्नब्लोअर यांचे. प्रत्यक्ष जागेवर उभं राहून काम करून घेतलं ते एडवर्ड केम्पनं. पॅक्स्टननंच त्याला देखरेखीसाठी नेमलं होतं, आणि मग केम्प तिथंच राहिला. १८९१ मध्ये तो वारला. नाव पॅक्स्टनचं झालं, पण झाडं वाढवली केम्पनं, हे लक्षात ठेवायला हवं, कारण बाग रोपं लावल्यावर तयार होत नाही.

५ एप्रिल १८४७, ईस्टरचा सोमवार. लॉर्ड मॉर्पेथ यांच्या हस्ते बाग उघडली आणि त्याच दिवशी नव्या गोदीचंही उद्घाटन झालं. बागेतला क्रिकेट क्लब तर त्याच्याही आधीचा, १८४६ चा.

तीन वर्षांनी, १८५० च्या उन्हाळ्यात, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन तरुण लिव्हरपूलला उतरून मर्सी ओलांडून आला. तेव्हा तो शेतकरी होता, बागा आखणारा वगैरे नव्हता. बर्कनहेडमध्ये एका पाववाल्याच्या दुकानात शिरला, तर पाववाल्यानं आग्रहच धरला: आमची नवी बाग बघितल्याशिवाय जाऊ नका. ओल्मस्टेड गेला. पुढे प्रवासवर्णनात त्यानं लिहिलं की लोकशाही अमेरिकेत या ‘जनतेच्या बागे’शी तुलना करावी असं काहीही नाही. त्याला नुसतं सौंदर्य दिसलं नाही. त्यानं शेतकऱ्याच्या नजरेनं निचऱ्याचे चर, तळ्याची खोली आणि काठावर रचलेली माती हे सगळं टिपून ठेवलं. पाऊस आला तेव्हा तो आडोशाला उभा राहिला, तिथं नोकर घेऊन बग्गीतून आलेली मंडळी होती आणि गरीब मजुरांच्या बायका-पोरंही. क्रिकेट खेळणारे लोक, झाडाखाली बसलेल्या मेंढ्या, खेळणारी पोरं, सगळं त्याच्या वर्णनात आहे. १८५८ मध्ये त्यानं आणि कॅल्व्हर्ट वॉक्सनं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली. आडवे जाणारे शहराचे रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखालून नेले, म्हणजे फिरणाऱ्याला गाड्या दिसूच नयेत. वाहनं एकीकडे आणि पायी माणूस दुसरीकडे, हा बर्कनहेडमध्ये पाहिलेला विचार तिथं आणखी पुढे गेला होता.

सर्वांना खुली म्हणजे सर्व काही चालेल अशी नव्हे. व्हिक्टोरियन बागांना नियमांच्या पाट्या असत, गणवेशातले राखणदार असत. दारू, जुगार आणि पुष्कळ ठिकाणी राजकीय सभाही बंद. रविवारी वाद्यवृंद वाजवावा की नाही, यावर तर देशभर भांडण पेटलं होतं. कामगाराला सुट्टी रविवारीच, आणि चर्चच्या मते रविवार देवाचा. १८५६ मध्ये पंतप्रधान पामर्स्टन यांना लंडनच्या बागांतलं रविवारचं संगीत आर्चबिशपांच्या विरोधापुढे नमून बंद करावं लागलं. आज या बागांची ओळख बनलेला गोल, लोखंडी खांबांचा बँडस्टँड त्यानंतरच्या दशकांत सर्वत्र पसरला. रंगीत फुलांचे गालिच्यासारखे ताटवेही पॅक्स्टनच्या पहिल्या आराखड्यानंतरच्या फॅशनमधले.

१८६०च्या दशकात अशा बागांची जी लाट आली, तिचा एक धागा थेट मुंबईला जोडलेला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस लँकेशरच्या गिरण्यांपर्यंत पोचेनासा झाला. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं बेकार झाली. १८६३ मध्ये संसदेनं कायदा करून त्या शहरांना सार्वजनिक कामांसाठी कर्ज द्यायचं ठरवलं, आपल्याकडच्या दुष्काळी कामांच्या चालीवर. प्रेस्टनचे अॅव्हनहॅम आणि मिलर पार्क त्या काळातल्या बेकार गिरणी कामगारांनी खणले. आराखडा पॅक्स्टनचा शिष्य एडवर्ड मिल्नर याचा. ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्कही तसाच, १८६५ मध्ये खुला झालेला. सूत कातायची सवय असलेल्या बोटांनी तिथं फावडी धरली.

त्याच कापसानं, त्याच वर्षांत, मुंबईत पैशांचा पाऊस पडला. अमेरिकन कापूस बंद म्हणजे भारतीय कापसाला मागेल तो भाव. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला. भायखळ्याची राणीची बाग ही या तेजीच्या काळातली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांनी ती खुली केली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं. मूळ बाग शिवडीला ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ची होती, ती भायखळ्याला आली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड या मंडळींचा या सगळ्या खटपटीत मोठा वाटा, आणि आवारातलं संग्रहालय आज भाऊ दाजींच्याच नावानं ओळखलं जातं. राणीची बाग बर्कनहेडची नक्कल मात्र नाही. ती वनस्पती-संस्थेच्या हौसेतून आणि शेठ लोकांच्या देणग्यांतून उगवली आणि १८७३ मध्ये पालिकेकडे आली. म्हणजे वाट उलटी. तिकडे पालिकेनं आधी कर्ज काढलं आणि मग बाग केली.

विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या या बागांचे हाल झाले. दुसऱ्या महायुद्धात लोखंडी कठडे भंगारासाठी कापून नेले. नंतर पालिकांचं उत्पन्न आटलं, राखणदार कमी झाले, बोटघरांची छपरं गळू लागली, तळी गाळानं भरली. निचऱ्यावर उभ्या असलेल्या बागेत गाळ साचला की सगळंच बिघडतं, हे वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये बर्कनहेड पार्कला ऐतिहासिक बागांच्या यादीत पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला. २०००च्या दशकात लॉटरीच्या निधीतून मोठी दुरुस्ती झाली, तळी साफ केली, पूल आणि बोटघर पुन्हा उभं केलं. २०२३ मध्ये ब्रिटननं जागतिक वारशासाठी जी संभाव्य यादी केली, तिच्यात या बागेचं नाव आहे.

इतकं होऊनही एक गोष्ट जिथल्या तिथंच आहे. ब्रिटनमध्ये शाळा किंवा कचरा उचलणं हे स्थानिक पालिकेचं कायदेशीर कर्तव्य आहे. बागा राखणं नाही. पैसे कमी पडले की कात्री आधी तिकडे जाते. १८४३ च्या कायद्यानं ७० एकर कायमचे राखून ठेवले. तिथल्या माळ्याचा पगार दरवर्षी नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो.